मालिशचा हुन्नर : फायदा कुठे, धोका कुठे

भिवंडीत ज्याचा कापडाशी संबंध आहे, त्याला पाठदुखी ही काही नवी गोष्ट नाही. यंत्रमागावरचा कारागीर बारा-बारा तास उभा असतो. कांड्या भरणारी बाई तितकाच वेळ एका जागी बसलेली असते. हमाल गाठी उचलतो, आणि आमच्यासारखा व्यापारी गादीवर मांडी घालून दिवसभर हिशेब पाहतो. संध्याकाळी चौघांचीही कंबर सारखीच बोलू लागते. चौघांचा इलाजही एकच असतो. कोणीतरी सांगतो, "अमक्या पहिलवानाकडे जा, दोन हातांत मोकळा करील."

आम्हीही वर्षानुवर्षे हाच सल्ला देत आलो. काही वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यातील एक तरुण कारागीर पाठ दुखते म्हणू लागला. उत्तर प्रदेशातून आलेला, वय बावीस-तेवीस, कामाला चोख. आम्ही पदरचे पैसे देऊन त्याला एका मालिशवाल्याकडे पाठवले. दोन दिवस बरे वाटले आणि दुखणे पुन्हा सुरू झाले. पुन्हा पाठवले. असे चार महिने चालले. या काळात मुलगा वाळत चालला होता. संध्याकाळी अंग गरम वाटते म्हणायचा, रात्री दुखण्याने जागा व्हायचा. मालिशवाला म्हणाला, "नस दबली आहे सेठ, जरा जोर लावावा लागेल." आम्ही म्हणालो, लाव. एके सकाळी तो मागासमोर उभा राहिला आणि त्याचे पाय लटपटले. मग सरकारी रुग्णालय, एक्स-रे, एम. आर. आय. मणक्याचा क्षय निघाला.

क्षयाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्याने ती वर्षाहून अधिक काळ न चुकता घेतली आणि आज तो स्वतःच्या पायांवर चालतो. पण मागावर पाळी करण्याची ताकद मात्र गेली. आता तो आमच्याकडेच फोल्डिंगमध्ये बसून काम करतो. त्या मालिशवाल्यावर सगळा दोष टाकून आम्हाला मोकळे होता येत नाही. त्याला ठाऊक नव्हते, आणि आम्ही विचारले नाही. कापडाचा सौदा करताना आम्ही सुताचा काउंट विचारतो, रीड-पीक विचारतो, वजन आणि पन्हा विचारतो, ताका उलगडून उजेडात धरतो. माणसाच्या पाठीला हात लावणाऱ्याला मात्र आम्ही एकही प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती गोळा करीत आलो. हकीम, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट यांच्याशी बोललो आणि मिळेल ते वाचले. त्यातून आमचे मत असे झाले आहे की मालिश हे थोतांड नाही आणि रामबाण उपायही नाही. तो एक हुन्नर आहे. हुन्नराला इल्म लागते आणि मर्यादाही लागते. हीच माहिती आम्ही आज आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर ठेवीत आहोत.

हा हुन्नर आपल्याला परका नाही

युनानी तिब्बमध्ये मालिशला 'दल्क' म्हणतात. इब्न सीना (९८० ते १०३७) यांनी 'अल-कानून फित-तिब्ब' या ग्रंथात दल्कचे प्रकार सांगितले आहेत. सख्त हाताची दल्क अंग घट्ट करते, नरम हाताची दल्क अंग सैल करते, फार वेळ केलेली दल्क अंग उतरवते आणि बेताची दल्क अंग भरते. व्यायामापूर्वी अंग तयार करण्याची दल्क वेगळी आणि व्यायामानंतर थकवा घालवण्याची वेगळी, असाही भेद त्यांनी केला आहे. आजचे शास्त्र यातील प्रत्येक विधान जसेच्या तसे मानीत नाही. पण एक मुद्दा पाहण्यासारखा आहे. जोर किती, वेळ किती आणि कोणासाठी, याचा विचार हजार वर्षांपूर्वी झाला होता. आपल्याकडे आज पुष्कळ ठिकाणी तोच विचार सुटला आहे. 'जितका जोर तितका फायदा' असे समजून गिऱ्हाईकही दात-ओठ खात पडून राहते. मुंबई, पुणे, मालेगाव येथील युनानी महाविद्यालयांत 'इलाज बित-तदबीर' या विषयात दल्कचे शिक्षण आजही दिले जाते, हे किती बांधवांना माहीत आहे?

या हुन्नराच्या जोरावर आपल्या देशातील एका माणसाने थेट इंग्लंडच्या राजाच्या दरबारापर्यंत मजल मारली. त्याची हकीगत धंदा करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. शेख दीन महंमद यांचा जन्म १७५९ साली पाटण्याच्या एका मुस्लिम घराण्यात झाला. लहान वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत लागले आणि १७८४ मध्ये आपल्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर आयर्लंडला गेले. १७९४ साली त्यांनी आपल्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. १८१० साली त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचे आणि हुक्क्याचे कॉफी हाउस उघडले. धंदा चालला नाही आणि १८१२ मध्ये दिवाळे निघाले. तेव्हा वय त्रेपन्न! आपल्याकडे या वयात माणूस हिशेबाची वही मुलाच्या हाती देतो.

दीन महंमद मात्र ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी गेले आणि तेथे त्यांनी वाफेचे स्नान व मालिश यांचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाईकाला आधी औषधी वनस्पतींची वाफ दिली जाई. नंतर भोवती फ्लॅनेलच्या कापडाचा तंबू असे, त्याला बाह्या शिवलेल्या असत, आणि त्या बाह्यांतून हात आत घालून मालिश केली जाई. म्हणजे इलाजही झाला आणि पडदाही राहिला. सुरुवातीला लोकांनी शंका घेतली. पुढे डॉक्टरही आपले रोगी त्यांच्याकडे पाठवू लागले. बरे झालेल्या लोकांनी मागे ठेवलेल्या कुबड्या त्यांच्या स्नानगृहात टांगलेल्या असत. दुकानाची याहून चांगली पाटी कोणती? चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम या दोन राजांनी त्यांना आपले 'शॅम्पूइंग सर्जन' नेमले. १८२२ साली त्यांनी या विद्येवर पुस्तकही लिहिले, आणि १८५१ मध्ये ब्रायटन येथेच त्यांचे निधन झाले. आज केस धुण्यासाठी वापरला जाणारा 'शाम्पू' हा शब्द आपल्या 'चांपणे' आणि 'चंपी' या शब्दांच्या कुळातलाच आहे.

त्याच चंपीला आपल्या चित्रपटात 'प्यासा'ने (१९५७) घरोघर पोहोचवले. जॉनी वॉकर यांनी रंगवलेला अब्दुल सत्तार मालिशवाला अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. पण आपण त्याच्यावर हसलो आणि तेवढ्यावरच थांबलो. हुन्नर फुटपाथवर राहिला.

हात नेमके काय करतो?

आज जगभर जी पद्धत शिकवली जाते तिला 'स्वीडिश मसाज' म्हणतात. स्वीडनचे पेर हेन्रिक लिंग (१७७६ ते १८३९) यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. हाताच्या प्रकारांची आजची मांडणी आणि नावे मात्र हॉलंडचे डॉक्टर योहान मेत्सगर यांच्याकडून आली, असे जाणकार मानतात. नावे फ्रेंच आहेत, पण हात आपल्या ओळखीचेच आहेत. पहिला, तेल लावून हलका लांब हात फिरवणे. हातापायांवर हा हात टोकाकडून हृदयाच्या दिशेने नेला जातो. दुसरा, कणीक मळावी तसे स्नायू मळणे. तिसरा, अंगठ्याने किंवा बोटांनी एकाच जागी खोल रगडणे. चौथा, थापटणे. पाचवा, हात न उचलता बारीक कंप देणे. शिकलेला मालिशकार यांचा क्रम पाळतो. आधी हलका हात, मग मळणे, मग गरज असेल तेथेच खोल रगडणे, आणि शेवटी पुन्हा हलका हात. पहिल्याच मिनिटाला कोपर रोवणारा माणूस शिकलेला नाही, असे समजायला हरकत नाही.

याने आराम का पडतो? पहिले कारण नसांमध्ये आहे. कोपर दाराला आपटले की आपण न सांगता ते चोळू लागतो आणि दुखणे कमी होते. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचा उलगडा मांडला. स्पर्श आणि दाब यांची खबर नेणाऱ्या नसा जाड आणि वेगवान असतात, तर रेंगाळणाऱ्या दुखण्याची खबर नेणाऱ्या नसा बारीक आणि धिम्या असतात. दोन्ही खबरा पाठीच्या कण्यात एका फाटकापाशी येतात. स्पर्शाची खबर जोरात आली की दुखण्याच्या खबरीला फाटक अर्धे बंद होते. त्यांच्या मांडणीत पुढे सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना टिकून आहे.

दुसरे कारण असे की दुखऱ्या जागेभोवतीचे स्नायू भीतीने आवळून धरले जातात. आवळले की आणखी दुखते, आणि दुखले की आणखी आवळतात. संथ, सारख्या दाबाने शरीराला भरवसा वाटतो आणि ही गाठ सैल पडते. श्वास लांब होतो, नाडी थोडी मंदावते, डोळा लागतो. यात मालिशकाराच्या ताकदीपेक्षा त्याच्या हाताची लय अधिक काम करते.

तिसरे कारण स्नायूंच्या आत आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ साली एक प्रयोग झाला. अकरा तरुणांना थकेपर्यंत व्यायाम करायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाला मालिश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले. मालिश केलेल्या पायात सूज वाढवणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण कमी आढळले आणि पेशींची दुरुस्ती सुरू झाल्याच्या खुणा दिसल्या. प्रयोग लहान होता हे खरे, पण मालिशचा परिणाम केवळ मनाचा खेळ नाही एवढे त्यातून दिसले. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट कळली. मालिश केल्याने स्नायूंतील लॅक्टिक ॲसिड निघून जाते, हा जुना समज खरा ठरला नाही. 'मालिशने अंगातले विष निघते', 'चरबी वितळते', 'सरकलेली गादी जागेवर बसते' ही वाक्ये दुकानदारीची आहेत. विष काढण्याचे काम मूत्रपिंड आणि यकृत करतात. त्यांना तेलाची गरज लागत नाही.

फायदा किती आणि कोणाला?

व्यापाऱ्याला मापाशिवाय चैन पडत नाही, म्हणून थोडी मापेही देतो. अमेरिकेतील सिॲटल भागात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या कंबरदुखीच्या ४०१ रोग्यांचे तीन गट केले होते. एका गटाला साधी आरामाची मालिश, दुसऱ्याला खोल व खास तंत्राची मालिश आणि तिसऱ्याला नेहमीचे उपचार. मालिश आठवड्यातून एकदा, अशी दहा आठवडे. दोन्ही मालिश गटांना नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगला आराम पडला. पण साध्या आणि खोल मालिशमध्ये फारसा फरक आढळला नाही! दात-ओठ खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आराम पुढे काही महिने टिकला, नंतर ओसरत गेला.

अमेरिकेतील डॉक्टरांच्या एका मोठ्या संस्थेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१७ मध्ये कंबरदुखीविषयी सल्ला दिला. नव्या दुखण्यात गोळीकडे धावण्याआधी शेक, मालिश असे उपाय करून पाहावेत, असे त्यात म्हटले आहे. मात्र जुन्या कंबरदुखीसाठी त्यांनी पहिला भर व्यायामावर दिला. दुसरीकडे २०१५ साली कॉक्रेन या नामांकित संस्थेने २५ अभ्यास एकत्र तपासले. मालिशचा फायदा थोड्या काळापुरता दिसतो आणि पुरावा कच्चा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोन्ही बाजू आम्ही मुद्दाम दिल्या आहेत. खऱ्या मालाची खोट सांगितल्याने त्याची किंमत कमी होत नाही.

गुडघ्याच्या संधिवातावरही काम झाले आहे. २०१२ च्या एका अभ्यासात १२५ रोग्यांवर वेगवेगळे प्रमाण करून पाहिले. आठवड्यातून एकदा साठ मिनिटे, हे प्रमाण सोयीचे आणि पुरेसे ठरले. नमाजला बसताना गुडघा धरून बसणाऱ्या आमच्या वयाच्या मंडळींना यात रस वाटेल. मात्र झिजलेला सांधा मालिशने नवा होत नाही, दुखणे आणि आखडणे तेवढे कमी होते.

आणि घरातील लहानग्यांविषयी. १९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे हळुवार मालिश व अवयवांची हालचाल दिली. त्या बाळांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले आणि ती सुमारे सहा दिवस आधी घरी गेली. आपल्या घरांत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाया हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. त्यांचा मान राखावा आणि एवढेच सांगावे की बाळाला हाताला धरून झुलवू नका, आणि नाकात तेल सोडू नका. ते तेल फुप्फुसात उतरून बाळ आजारी पडू शकते.

शिकलेल्या हाताची ओळख

आमचा उजवा खांदा मागील वर्षी आखडला. ताके वरच्या फळीवर ठेवण्याची जुनी खोड. या वेळी आम्ही शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्याने हात लावण्यापूर्वी पंधरा मिनिटे नुसते प्रश्न विचारले. दुखणे केव्हापासून आहे? रात्री वाढते का? ताप, वजन घटणे, हाताला मुंग्या? साखर किती, ब्लडप्रेशर किती, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का? कधी हाड मोडले होते का? आम्हाला मधुमेह आहे हे कळताच त्याने आधी बोटांची संवेदना तपासली. कारण ज्याला स्पर्श नीट कळत नाही त्याला जोर जास्त झालेलाही कळत नाही.

मग त्याने काय करणार ते सांगितले आणि आमची परवानगी घेतली. स्वच्छ चादर अंथरली आणि जेवढ्या भागावर काम तेवढाच उघडा ठेवला. हात धुतले, नखे कापलेली होती. तेल आधी आपल्या तळहातावर घेऊन कोमट केले. मध्येच दोनदा विचारले, "जोर बरोबर आहे ना?" पाऊण तासाने त्याने चार व्यायाम शिकवले आणि म्हणाला, "मालिशने दार उघडले आहे चाचा, आत जाण्याचे काम व्यायामाने तुम्हाला करायचे आहे." सहा खेपांनंतर त्याने स्वतःच येणे बंद करायला सांगितले. आमच्या बाजारात 'आता माल घेऊ नका' असे सांगणारा व्यापारी विरळाच!

केव्हा हात लावू देऊ नये

हा भाग कापून जवळ ठेवावा, अशी आमची विनंती आहे. पुढील वेळी मालिश नको, आधी डॉक्टर:

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली आणि दुखू लागली तर. आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर विशेष काळजी घ्यावी.

पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल किंवा रात्री दुखणे वाढत असेल तर. आमच्या कारागिराच्या बाबतीत तिन्ही खुणा होत्या आणि आम्ही तिन्ही चुकवल्या.

पाय लुळा पडत असेल, बधिर होत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर. येथे तासांचा प्रश्न असतो, उद्यावर टाकू नये.

पडल्यानंतर हाड मोडल्याची शंका असेल, जखम किंवा त्वचेचा संसर्ग असेल, ताप असेल तर. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील, हाडे ठिसूळ असतील, कर्करोग असेल, किंवा घरातील स्त्री गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश नको.

आणि मान! केस कापून झाले की काही कारागीर गिऱ्हाईकाची मान दोन्ही बाजूंना कडकन मोडतात. ऐकायला बरे वाटते. पण मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेतूनच जातात. अशा झटक्याने त्या आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. सलूनचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या बांधवांना कळकळीने सांगणे आहे की डोक्याची चंपी खुशाल करा, मान मोडू नका. आणि गिऱ्हाइकांनी तसा आग्रहही धरू नये.

धंद्याची बाजू

मालिशच्या नावाखाली शहरांत भलतेच धंदे चालतात, त्यामुळे भल्या घरची मुले या कामापासून दूर राहतात, असे आम्हाला अनेकांनी सांगितले. गोष्ट खरी आहे, पण नवी नाही. लंडनमध्ये १८९४ साली हाच बोभाटा झाला होता आणि डॉक्टरांच्या मासिकाने त्यावर टीकेची झोड उठवली होती. तेव्हा प्रामाणिक काम करणाऱ्या चार स्त्रियांनी त्याच वर्षी प्रशिक्षित मालिशकार स्त्रियांची संस्था काढली. परीक्षा ठेवली, प्रमाणपत्र दिले आणि नियम कडक केले. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश करायची नाही, वाटेल तशी जाहिरात करायची नाही. १९२० मध्ये त्या संस्थेला शाही सनद मिळाली. आज इंग्लंडमधील फिजिओथेरपिस्टांची जी मोठी संस्था आहे ती हीच. बदनाम झालेला धंदा त्यांनी सोडून दिला नाही, शिस्त लावून वर आणला.

आपल्याकडे फिजिओथेरपीची पदवी हा एक सन्मानाचा मार्ग आहे. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची परिषदेकडे नोंदणी होते, ती गिऱ्हाईक विचारू शकते. ज्यांना इतके शिकणे शक्य नाही त्यांच्यासाठी सरकारमान्य कौशल्य योजनांत स्पा थेरपिस्टचे लहान अभ्यासक्रम आहेत. ज्या घरात हा हुन्नर बापजाद्यांपासून आहे, त्या घरच्या मुलाने एवढे शिक्षण आणि प्रथमोपचार शिकून घेतला तर त्याच हाताची किंमत बदलते. स्त्रियांसाठी स्त्री मालिशकार ही तर आपल्या वस्त्यांत मोठी गरज आहे. वाइंडिंगवर खांदे मोडून घेणाऱ्या किती बाया संकोचाने दुखणे अंगावर काढतात, ते प्रत्येक कारखानदाराला ठाऊक आहे.

या व्यवसायात पडणाऱ्याने आपल्या शरीराचाही हिशेब ठेवावा. अंगठे आणि मनगटे हेच भांडवल, ते झिजले की दुकान बंद. म्हणून दिवसाला गिऱ्हाइके मोजकी घ्यावीत, जोर बोटांऐवजी सरळ उभे राहून शरीराच्या वजनाने द्यावा आणि टेबलाची उंची आपल्या मापाची करून घ्यावी.

कापडाच्या माणसाला कापडाविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला धुतलेली चादर आणि टॉवेल हवाच. सोलापूरच्या सुती टॉवेलसारखा पाणी व तेल शोषणारा माल या कामाला उत्तम, पॉलिएस्टर मिसळलेला स्वस्त माल तेल धरून ठेवतो आणि वास मारू लागतो. तेलाचे कपडे गरम पाण्यात साबणाने धुवावेत. नीट न धुता ड्रायरमध्ये घालून गरम गरम ढीग करून ठेवले तर तेल आतल्या आत तापून कापड आपोआप पेट घेऊ शकते. गोदामात आगीची भीती असणाऱ्यांना हे सांगायला नको.

शेवटी

आमच्या कारखान्यात आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या आहेत. प्रत्येक पाळीत थोडा वेळ बसायला स्टूल ठेवले आहेत आणि कारागिरांनी आळीपाळीने दहा मिनिटे पाठ मोकळी करावी असा नियम केला आहे. उत्पादन घटेल अशी आमच्या भागीदारांना भीती होती. घटल्याचे अजून तरी दिसले नाही. दुसरे म्हणजे, दोन आठवड्यांपेक्षा अधिक कोणाची पाठ दुखली तर मालिशचे पैसे देण्यापूर्वी आम्ही त्याला डॉक्टरकडे पाठवतो. तेथून 'घाबरण्यासारखे काही नाही' असा निरोप आला की मग खुशाल मालिश करावी, आणि शिकलेल्या हाताकडून करावी.

ही यादी कोण सांभाळतो? फोल्डिंगमध्ये बसणारा तोच मुलगा. नवा कारागीर कंबर धरून आला की तो आधी विचारतो, "भाई, रात को बुखार आता है क्या?" हा प्रश्न आम्ही त्याला चार महिने विचारला नव्हता. बांधवांनी तो आपल्या माणसांना आजच विचारावा.